एकोणीस भेगांची टाच

मुकादमाच्या उजव्या टाचेला एकोणीस भेगा होत्या. मी स्वतः मोजल्या आहेत. माझ्या बाकीच्या आकड्यांवर कुणी फारसा विश्वास ठेवू नये. पण हा आकडा पक्का आहे, आणि तो कोणत्या प्रसंगी मोजावा लागला तेच सांगायला बसलो आहे. आता या वयात बसल्यावर उठायचा कंटाळा येतो, म्हणून सगळंच सांगून टाकतो.

भेगा म्हणजे तुमच्याआमच्या थंडीतल्या भेगा नव्हेत. चाळीस वर्षं मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभं राहून पडलेल्या. त्यातल्या सर्वांत रुंद भेगेत एका पावसाळ्यात खेकड्याने बिऱ्हाड केलं होतं, आणि दिवाळीला तो पोराबाळांसकट आपण होऊन निघून गेला, असं कळव्यात सगळे सांगत. एकदा बांधावर फुरसं डसलं, तर त्या फुरशाचाच दात मोडला. बिचारं पुढे मऊ बेडकं शोधत फिरायचं. मी ते पाहिलेलं नाही. पण ते खोटं म्हणायचं झालं तर आधी ती टाच पाहायला हवी होती.

कल्याणहून मी कळव्याखालच्या मिठागरावर कारकून म्हणून आलो, तेव्हा मला मिसरूड नुकतंच फुटलं होतं. मॅट्रिकला दोनदा आपटी खाल्ली होती आणि घरी विधवा आई होती. खाडीच्या पुलावरून आगगाडी धावू लागल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ठाण्यातली माणसं तिला सरावली होती, गुरंसुद्धा मान वर करत नसत. मुकादम मात्र गाडीची शिट्टी झाली की हातातलं फावडं थांबवी आणि तिच्याकडे पाठ करून उभा राही.

“असं का हो?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“बघितली तर थांबंल,” तो म्हणाला. “थांबली तर साहेब उतरंल.”

त्या ठिकाणी स्टेशन नव्हतं, हे सांगून उपयोग नव्हता. गाडी थांबत नव्हती आणि साहेब उतरत नव्हता; म्हणजे त्याचा उपाय लागू पडत होता.

दुसरी तऱ्हा जेवणाची. अख्ख्या मिठागराचा हा मुकादम, पण स्वतः मीठ खात नसे. भाकरी अळणी, कालवण अळणी, सुकी मासळी तीन पाण्यांत धुऊन खायची. लग्नाच्या पंगतीत त्याच्यासाठी वेगळं मडकं चढे. “दिसभर अंगातून शिरतंय तेवडं बस झालं,” म्हणायचा. कुत्रीसुद्धा त्याचं उष्टं हुंगून निघून जात.

पण या सगळ्या तऱ्हांचा राजा म्हणजे त्याचा ढगाचा कायदा.

मिठागराचं काम माघापासून वैशाखापर्यंत. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांत तापवायचं, खाली बसलेलं मीठ ओढायचं आणि बांधावर राशी घालायच्या. पावसाची सर आली तर राशी पेंढ्याने झाकाव्या लागतात, नाहीतर चार महिन्यांची मेहनत तासाभरात खाडीला मिळते. तेव्हा ढग दिसला की माणसांनी धावत सुटावं, हे तुम्हीआम्ही म्हणू. मुकादमाचा कायदा उलटा. ढग दिसला की सगळ्यांनी खाली बसायचं. बसून घरच्या गप्पा मारायच्या. वादळ, वारा, पाऊस यांतला एक शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला, तर त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी गावच्या विहिरीचं गोडं पाणी वाहायचं. मी पहिल्या महिन्यातच तीन वेळा वाहिलं.

“आभालाला कान हाय, कारकूनबाबा,” तो सांगे. “आपन त्याचंच बोलत बसलो क त्याला वाटतं, बोलावनं आयलं.”

मी हसलो होतो. पेंढ्याच्या गड्यांवर हुकमत चालवणारी चांगुणाबाय होती, तिने मला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं.

“कानबिन काय नाय रे बाबा. मागं एका वैशाखात नऊ ढग आयलं. नऊ येला धावलो, झाकलं, उघडलं, झाकलं, उघडलं. नवव्या येला माजं हात खांद्यापासून गलून पडलं. नि दहावा खरा आयला. कुनाला उटवंना. पडल्या जागी बघत बसलो सगली, मीठ जाताना. तवापासून ह्यो आमाला बसवून ठेवतो. दमलेल्या मानसाला धावडवू नये, एवडंच कलतंय त्याला.”

मग उठायचं कधी? त्याचं उत्तर टाचेत होतं. गप्पा चालू असताना मुकादम उजवी टाच वाफ्यातल्या पाण्यात सोडून बसे. हवा खरोखर फिरली की भेगा आतून चुरचुरत. मग तो एक शब्द न बोलता उभा राही. तो उभा राहिला की मिठागरावर राबणाऱ्या बावीस घरांची माणसं अशी उठत, की पानाला चुना लावून विडा गालात जाईपर्यंत राशी झाकून होत. माझ्यादेखत टाच एकदाही चुकली नाही. सतरा वेळा आम्ही नुसते बसलो आणि ढग भिवंडीकडे गेले. दोनदा तो उठला आणि दोन्ही वेळा वीज पडली. त्यातली एक तर माझ्या छत्रीच्या टोकावरून घसरली, पण ते असो.

माझं काम काय? सांगायला लाज वाटावी इतकं थोडं. माझ्याकडे सरकारी ठसा होता. हातभर सागवानी फळी, मागे मूठ, पुढे उलटी कोरलेली अक्षरं. ओढलेल्या मिठाची रास घातली की ती ओली असतानाच मी तिच्या अंगावर चहूबाजूंनी ठसा दाबायचा. कुणी टोपलीभर मीठ पळवलं तर अक्षरं मोडतात आणि चोरी उघडी पडते. ठसा नसलेली रास झाकायची नाही, असा सक्त हुकूम. झाकली, तर झाकणाऱ्यानेच त्यातून चोरी केली असं सरकार धरून चालणार, आणि रास जप्त. बाकी दिवसभर मी चौकीच्या सावलीत झोपत असे.

झोपेनेच घात केला.

वैशाख संपत आला होता. शेवटच्या सात राशी बांधावर नव्याने घातल्या होत्या, ठसे उमटायचे होते. त्या सात राशी म्हणजे बावीस घरांचा पावसाळ्याचा भात. दुपारी मी उघाडीजवळ आडवा झालो. ओहोटीचा वारा होता आणि उघाडीची एक सैल फळी धाडधाड आपटत होती. एकदा, दोनदा, शंभरदा. डोळा लागेना. आता त्या फटीत खोचायला दगड शोधायचा, तर दहा पावलं चालावं लागलं असतं. माझ्या उशाला ठसा होता. मी तो फटीत ठोकून बसवला. फळी गप्प झाली आणि मी राजासारखा झोपलो.

जागा झालो तेव्हा भरती आली होती. फळी पुन्हा आपटत होती. ठसा नव्हता.

मी गुडघाभर पाण्यात उतरलो, कंबरभर उतरलो, चिखल चाचपला. इंग्रज सरकारचा ठसा खाडीतून बहुधा वसईला पोचलाही असेल. वर आलो तर पारसिकच्या डोंगरामागे आभाळ काळंठिक्कर झालेलं, आणि मुकादम नेहमीच्या जागी, टाच वाफ्यात सोडून बसलेला. शेजारी चांगुणाबाय आणि तरीवरचा नावाडी जोमा. मागे बांधाबांधाने बाकीची माणसं, चार महिन्यांच्या श्रमाने करपलेली, बसायला मिळालं म्हणून बसलेली.

“कारकूनबाबा, सात राशी राह्यल्या,” चांगुणाबाय म्हणाली. “ठसा मारून घ्या.”

“ठसा ठाण्याला पाठवलाय,” मी म्हणालो. “एक अक्षर झिजलं होतं.”

खोटं बोलण्यात मी तेव्हाही कच्चा नव्हतो. पण माझं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं आणि बोटांना खाडीचा चिखल होता. मुकादमाने एकदा धोतराकडे पाहिलं, एकदा उघाडीकडे.

“बसा,” तो म्हणाला.

मी बसलो. बोटांचा चिखल धोतराला पुसत हिशेब मांडला: माझी नोकरी, आईचं दुखणं, बावीस घरांचा भात. आणि गप्पा सुरू झाल्या.

“जोमा, दात कसा हाय?” मुकादमाने विचारलं.

“हालतंय. पन जात नाय.”

“कवापासून?”

“होलीपासून.”

“माजी सूनबी तशीच,” चांगुणाबाय म्हणाली. “हालते, पन जात नाय. माहेराला धाडली तर दुसऱ्या दिसाला परत. म्हनते, तुमची आठवन आयली. मी म्हटलं, बये, मना तुजी येऊदे क पयली!”

बांधावर हसू पसरलं, दमलेलं, अर्ध्यावर थांबणारं. डोंगरामागे गुरगुरलं. कुणी मान वळवली नाही.

“माजा भोपला बघितलाव?” मुकादम म्हणाला. “वेल माज्या दारात. चढला शेजारच्याच्या छपरावर. फुलं माज्याकडं होती तवा कोन बोललं नाय. आता ह्यो एवडा भोपला तिकडं धरलाय. त्यो कुनाचा?”

“ज्याचं छप्पर त्याचा,” जोमा म्हणाला.

“वा रं वा! तुज्या तरीत बसलेली बायको तुजी होते काय?”

“तशी झाली असती तर दात पडायची वाट बघत बसलो असतो काय, मुकादम?”

पुन्हा गडगडलं, आता जवळ. जोमाने आवाज चढवला. चांगुणाबायने त्याच्यावर चढवला. भोपळ्याचा वाद असा पेटला की पंचायतीत तलवारी निघाव्यात. मला ते सगळं जग वेडं वाटत होतं. माणसं भोपळ्यावर भांडत होती आणि त्यांच्या डोळ्यांत मात्र सात पांढऱ्या राशी होत्या. प्रत्येकाच्या, एकूण एक. शब्द कुणी काढत नव्हतं. मीही काढला नाही. एकदा म्हणावं वाटलं की बाबांनो, ठसा गेला, मी घालवला. पण मी धोतराचा ओला सोगा पिळत राहिलो.

“मुकादम,” चांगुणाबाय एकदम हळू म्हणाली, “ठसा ठाण्यावरनं येवंपर्यंत...” आणि थांबली.

मुकादम उभा राहिला.

बावीस घरांची माणसं उठली आणि पेंढ्याला हात घालून तशीच उभी राहिली, कारण ठशाशिवाय झाकणार कसं? मुकादम पहिल्या राशीपाशी गेला. राशीकडे पाठ केली, दोन्ही हात बांधावर टेकले, आणि लाथा झाडणाऱ्या घोड्यासारखी उजवी टाच मागे नेऊन ओल्या मिठात दाबली. काढली. दोन वितींवर पुन्हा दाबली. असा तो ओणवा होऊन राशीभोवती फिरला. भेगा उघड्या, त्यात नवं मीठ. तिसऱ्या राशीपासून पांढऱ्यावर गुलाबी उमटायला लागलं. सातवी होईपर्यंत मी दुसरीकडे बघत होतो.

“झाका,” तो म्हणाला.

त्यानंतर जे आलं त्याला वादळ म्हणणं म्हणजे हत्तीला मूषक म्हणणं. माझी पगडी उडाली ती भिवंडीच्या एका गृहस्थाला सापडली आणि त्याने ती लग्नात घातली. जोमाची होडी खाडीतून उचलून बांधावर आली आणि तिच्याखाली आम्ही नऊ जण पडून राहिलो. जोमाचा दात मात्र त्या वादळातही पडला नाही. सकाळी बघतो तर पेंढा जागच्या जागी, आणि पेंढ्याखाली सात राशी जशाच्या तशा.

तिसऱ्या दिवशी साहेब आला. मुकादमाने आयुष्यभर पाठ फिरवून जो टाळला तोच, तट्टावर बसून, लांब चेहऱ्याचा. त्याने पेंढा काढायला लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

“हे काय आहे?”

“टाच, साहेब,” मुकादम म्हणाला.

“कोणाचा टाच?”

“माजी. ठसा मी घेतला बघायला. हातातून सुटला, भरतीत जेला. कारकूनबाबाला ठावं नवतं. त्याला वाटलं, ठाण्याला धाडलाय.”

साहेब हुशार होता. एखादी खूण खरी की मागाहून केलेली, हे त्याला तपासायचं होतं. त्याने मुकादमाला राशीजवळ बसवलं आणि मला हुकूम केला, टाच हातात धर, भेगा मोज, मग खुणेतल्या मोज. मी मिठात गुडघे टेकले. ती टाच माझ्या दोन्ही तळहातांत घेतली. जड होती, आणि कढत. भेगांच्या कडा अजून ओल्या होत्या. मी एकेका भेगेवर बोट ठेवून मोजलं. एकोणीस. राशीवर मोजलं. एकोणीस. दुसऱ्या खुणेत, तिसऱ्या खुणेत, सगळीकडे एकोणीस. एक कण हललेला नव्हता.

“कारकून,” साहेब म्हणाला, “ठसा याने घालवला? असंच झालं?”

टाच अजून माझ्या हातात होती. मुकादमाने डाव्या पायाचा अंगठा माझ्या मनगटावर हलकेच दाबला, बैलाला दामटतात तसा.

“होय, साहेब,” मी म्हणालो.

राशी मंजूर झाल्या. बावीस घरांचा भात वाचला. माझी नोकरीही वाचली. मुकादमाला त्याच दुपारी मिठागरावरून काढलं. सरकारी वस्तूला हात लावला म्हणून. पुन्हा बांधावर पाय ठेवायचा नाही, असं साहेबाने लिहून दिलं. ते लिहिलं मीच, माझ्या अक्षरात, साहेबाने नुसती सही केली. मुकादमाने फावडं जोमाच्या हातात दिलं आणि तो लंगडत बांधाने निघाला. मध्येच पुलावर शिट्टी झाली. त्या दिवशी त्याने पाठ केली नाही. तोंड करून उभा राहिला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत गाडी बघितली.

“असं का केलं त्यांनी?” मी चांगुणाबायला विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. त्या बांधावर माझं ओलं धोतर न बघितलेला एकही माणूस नव्हता.

“मीबी इचारलं त्याला,” ती म्हणाली. “म्हनला, त्या पोराला दुसरं काय येतंय? फावडं उचलत नाय, होडी हाकता येत नाय. सरकारनं हाकलला तर मरंल.”

याहून खरं माझ्याविषयी आजवर कुणी बोललेलं नाही. मी पुढे तीस वर्षं नोकरी केली आणि सरकारला त्या तीस वर्षांत हे कळलं नाही.

मुकादमाचं घर कळव्यात, चौकीपासून अर्ध्या कोसावर. तो अर्धा कोस चालायला मला सहा वर्षं लागली. कधी बदली आडवी आली, कधी आईचं आजारपण, कधी नुसताच कंटाळा. शेवटी एका वैशाखात गेलो, तेव्हा आभाळ भरून आलं होतं. वाटेत मी बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, मॅट्रिकला कधी केलं नाही इतकं पक्कं. मुकादम ओट्यावर बसला होता. बारीक झाला होता. डोक्यावर भोपळ्याचा वेल.

“मुकादम, त्या दिवशी उघाडीत—”

“बसा, कारकूनबाबा. वेल बघितलाव? ह्या येला मीच शेजारच्याला सांगितलं, अर्दा तुजा.”

“हो, पण मला सांगायचंय की ठसा—”

“जोमाचा दात पडला, कललं का? सपनात पडला. उटला तर उशीवर. चांगुणाची सून आता सासू झाली. ती सांगते, माजी सून हालत नाय नि जातबी नाय.”

पारसिकमागे गुरगुरलं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर त्याने भाकरी पुढे केली आणि तिच्यावर कालवण. तोंडात घातलं तर खारट. डोळ्यांत पाणी यावं इतकं.

“आता वरून घालायला लागतं,” तो म्हणाला. “अंगातून शिरत नाय.”

मी खाली पाहिलं. उजवा पाय त्याने मांडीवर घेतला होता. टाच गुळगुळीत झाली होती. एकोणिसांतली एकही भेग उरली नव्हती. नुसत्या फिकट रेघा, लहान मुलाच्या तळपायासारख्या. तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता.

“चुरचुरते का अजून?” मी विचारलं.

“नाय.”

मग मी घास खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. फळी आपटत होती, मला झोप हवी होती, दगड दहा पावलांवर होता, ठसा मी खोचला, मी घालवला, आणि साहेबाला होय म्हणालो तेव्हा तुमची टाच माझ्या हातात होती. पाठ केलेलं एकही वाक्य त्यात आलं नाही.

मुकादम भोपळ्याविषयी काही बोलला नाही. दाताविषयी नाही, सुनेविषयी नाही. त्याचा अंगठा टाचेवर थांबला. मग त्याने मान वर केली आणि डोळ्यांवर हात धरून, मी त्याला कधी बघताना पाहिलं नव्हतं तसं, सरळ आभाळाकडे बघितलं. वेलाच्या पानावर टपकन आवाज झाला.

“पाऊस आयला, कारकूनबाबा,” तो म्हणाला. “चल, आत बस.”